जन्माने संशयित: भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला येणारा फौजदारी न्याय

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात दिलेला निकाल बहुतेक ठिकाणी तुरुंगातील जातिभेदाविरुद्धचा निकाल म्हणून छापून आला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करावा आणि संडास कोणी साफ करावेत हे लिहून ठेवले होते. एका पत्रकाराच्या याचिकेमुळे ती कलमे न्यायालयासमोर आली आणि घटनाबाह्य ठरली. त्याच निकालाचा एक मोठा भाग भटक्या आणि विमुक्त, म्हणजे ब्रिटिशांच्या कायद्याने एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींविषयी आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. पश्चिम बंगालच्या नियमावलीतील नियम ४०४ असे सांगत होता की, कैद्यांमधून रात्रीचा पहारेकरी नेमताना तो पळून जाण्याची तीव्र नैसर्गिक प्रवृत्ती असलेल्या वर्गातला, म्हणजे उदाहरणार्थ भटक्या जमातीतला, नसावा. मध्य प्रदेशच्या नियमावलीनुसार विमुक्त जमातीतील कोणत्याही व्यक्तीला, राज्य शासनाला योग्य वाटल्यास, सराईत गुन्हेगार मानता येत होते. माणसाची प्रवृत्ती त्याच्या जन्मावरून ठरवणारे असे नियम स्वतंत्र भारतात इतकी वर्षे टिकले कसे, हे समजून घेण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

अधिसूचनेने ठरलेले गुन्हेगार

१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद साधा आणि भयंकर होता. भारतात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर, तेव्हा चोरी हाही काही जातींचा पिढीजात धंदाच असणार, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले. गुन्हेगारी रक्तातून उतरते ही कल्पना त्या काळात युरोपातही मूळ धरत होती. इथे तिला जातिव्यवस्थेचा आयता आधार मिळाला.

एखादी टोळी, जमात किंवा वर्ग गंभीर गुन्ह्यांना सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की ते तसा अहवाल देई, अधिसूचना निघे आणि त्या जमातीतील माणसे कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत. कोणी, कधी, काय केले हे सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नसे, कारण अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. त्यानंतर नावांची नोंदवही तयार होई, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडणे हाच गुन्हा होई. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद आली. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे घेण्याची सोय केली आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कैकाडी, कंजारभाट, भामटा, पारधी, टकारी अशा अनेक समाजांना या कायद्याची झळ बसली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या सेटलमेंटमधील माणसे शहराच्या कापड गिरण्यांमध्ये राबत आणि परतल्यावर पुन्हा हजेरी देत.

या समाजांपैकी कित्येकांचा मूळ व्यवसाय फिरण्यावरच अवलंबून होता. लमाण बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून नेत, तो व्यापार रेल्वेने संपवला. कायम पत्ता नसलेल्या, कर वसुलीला आणि देखरेखीला सहज सापडत नसलेल्या लोकांविषयी कोणत्याही शासनाला अविश्वास वाटतो. या कायद्याने तो अविश्वास थेट शिक्षेच्या रूपात अमलात आणला.

१९५२ मध्ये नेमके काय बदलले

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर वेगवेगळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा आहे. सराईत ठरण्यासाठी त्या व्यक्तीला स्वतः, ठरावीक काळात, एकापेक्षा अधिक वेळा न्यायालयाने शिक्षा ठोठावलेली असावी, असे हा कायदा सांगतो. संपूर्ण जमातीऐवजी एकेका माणसाचे कृत्य पाहायचे, हा बदल कागदावर मूलभूत होता.

मात्र कायदा रद्द झाल्याने पोलीस ठाण्यातील कपाट रिकामे होत नाही. नोंदवह्या तिथेच राहिल्या, कोणत्या वस्तीवर लक्ष ठेवायचे याची शिकवण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिली, आणि तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जुनी भाषा तशीच छापली जात राहिली. त्यातच या समाजांची उरलीसुरली उपजीविका नव्या कायद्यांनी बेकायदा ठरवली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे घेणे हेही भीक मागण्यात मोडते. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना फिरणे हेदेखील त्याच व्याख्येत बसते आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत संस्थेत डांबून ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा हेतू निःसंशय चांगला होता, पण फासेपारध्याची शिकार, दरवेशाचे अस्वल आणि गारुड्याचा साप या सगळ्यांवर बंदी आली तेव्हा त्या माणसांनी उद्या काय खायचे याचे उत्तर कोणी त्यांना दिले नाही.

संशयातून नोंद, नोंदीतून संशय

आजचा कोणताही कायदा 'पारध्याला पकडा' असे म्हणत नाही, तर मग भेदभाव होतो कुठे, हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षा रोजच्या कामाच्या पद्धतीत शोधावे लागते. समजा, वीजचोरी पकडणारे भरारी पथक तालुक्यातील एकाच वस्तीवर दर आठवड्याला जाते आणि बाकीच्या वाड्यांवर व कारखान्यांवर वर्षातून एकदाही फिरकत नाही. वर्षअखेरीस नोंदवही उघडली, तर जवळपास सगळे आकडे त्याच वस्तीत सापडलेले दिसतील. ती वही पाहून पुढच्या वर्षी पथकाला पुन्हा तिथेच पाठवायचे ठरेल आणि कोणीही खोटे न बोलता, कोणाच्याही मनात आकस नसताना, ती वस्ती चोरांची म्हणून प्रसिद्ध होईल.

फौजदारी व्यवस्थेत हेच घडते, आणि इथे पणाला लागते ते माणसाचे स्वातंत्र्य. रात्री घरफोडी होते आणि तक्रारीत अज्ञात इसम असे लिहिले जाते. सकाळी पोलिसांची गाडी गावाबाहेरच्या पालांकडे वळते आणि चौकशीसाठी दोघा-तिघांना उचलले जाते. पुरावा मिळाला नाही तरी त्यांची नावे संशयित म्हणून नोंदली जातात, किंवा चांगल्या वागणुकीचा मुचलका घेण्यासाठी प्रतिबंधक कारवाई होते, जिला बोलीभाषेत चॅप्टर केस म्हणतात. पुढच्या घरफोडीच्या वेळी हीच नोंद पाहून पोलीस त्यांच्याकडे येतात आणि या वेळी 'याच्यावर आधीही कारवाई झाली आहे' असे न्यायालयाला सांगता येते. चार-पाच वर्षांत त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट तयार होते. हिस्ट्रीशीट म्हणजे पोलिसांनी स्वतःच्या वापरासाठी ठेवलेली एखाद्या व्यक्तीच्या गुन्ह्यांची आणि हालचालींची नोंद. यातल्या किती घटनांमध्ये त्याला शिक्षा झाली, हा प्रश्न मागे पडतो.

या वर्तुळात प्रत्येक जण आपले काम नियमाप्रमाणे केल्याचे सांगू शकतो. हवालदार नोंद पाहून जातो, तपास अधिकारी हवालदाराच्या माहितीवर विसंबतो, सरकारी वकील अहवाल वाचतो आणि दंडाधिकारी तो अहवाल पाहून जामिनाचा निर्णय घेतो. म्हणून दोषी पोलिसाला निलंबित करून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही.

जालन्याच्या खटल्याने काय दाखवले

जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरात एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला आणि त्यात पाच जणांचा जीव गेला. गुन्हा अत्यंत क्रूर होता आणि आरोपी लवकर पकडण्याचा दबाव पोलिसांवर असणे स्वाभाविक होते. या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला हा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच, पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांच्या दिशेने तपास गेलाच नाही. सहा आरोपींपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही समोर आले. हे आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळाशी असलेले गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटेपणाने गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेशही राज्य शासनाला दिला.

शेवटी न्याय मिळालाच की, असे या खटल्याविषयी म्हणता येईल. परंतु तीन पातळ्यांवरील न्यायालयांनी हेच पुरावे पाहिले होते आणि त्यानंतरही सहा माणसे फाशीच्या दोरापर्यंत पोचली होती. त्यांच्या आयुष्यातील सुमारे सोळा वर्षे गेली. आणि ज्या कुटुंबाने आपली माणसे गमावली, त्याला तर न्याय मिळालाच नाही, कारण साक्षीदाराने दाखवलेल्या माणसांचा माग तेव्हाच घेतला गेला नाही. जमात पाहून संशय घेण्याची किंमत अशी दुहेरी असते, आणि ही दुसरी बाजू आपल्या चर्चेत फार क्वचित येते. जन्मावर आधारलेला तपास खऱ्या गुन्हेगाराला संरक्षण देतो.

'पण त्यांच्यातले काही जण चोऱ्या करतातच ना?'

ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न अगदी उघडपणे विचारला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. होय, काही जण करतात, जसे प्रत्येक समाजातील काही जण करतात. बँकांची कर्जे बुडवणारे किंवा धान्याच्या गोदामात अफरातफर करणारे लोक ज्या जातींतून येतात, त्या जातीच्या शाळकरी मुलाला मात्र कोणी उद्याचा घोटाळेबाज म्हणून पाहत नाही. गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला शिक्षा व्हावी याविषयी दुमत नाही. तिच्या भावाला, चुलत्याला आणि शेजारच्या पालातल्या अनोळखी माणसाला त्या गुन्ह्यासाठी ताब्यात घेता येते का, एवढाच वाद आहे.

हा संशय पोलीस ठाण्यापुरता मर्यादित नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेले भिक्षेकरी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पोलीस आणि गावकरी यांच्या मनात एकच चित्र असते, आणि म्हणूनच चुकीच्या अटकेविरुद्ध गावातून आवाज उठत नाही.

जामीन मंजूर होऊनही सुटका का होत नाही

जामीन म्हणजे खटला चालू असताना, तारखेला हजर राहण्याच्या हमीवर आरोपीला बाहेर राहू देणे. ही हमी जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या लेखी शब्दावर, घेता येते. प्रत्यक्षात बहुधा जामीनदार मागितला जातो आणि त्याच्याकडे स्थानिक पत्ता, सातबारा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला असावा लागतो. ज्या माणसाचे पाल दर काही महिन्यांनी हलते, ज्याच्या नातेवाइकांपैकी कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्यासाठी ही अट जामीन नाकारल्यासारखीच असते. १९७८ मध्ये 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश' या खटल्यात एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगितला गेला आणि त्याच्या भावाची हमी केवळ तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच ही पद्धत चुकीची ठरवली होती. तरीही जामीन मिळूनही तुरुंगातच असलेल्या सुमारे ५,००० कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्यांची, माहिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक चांगली सोय केली. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर काही गंभीर गुन्हे वगळता तिला सोडावे, असे ते सांगते. मात्र एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला या कलमाचा लाभ मिळत नाही. वर सांगितलेल्या वर्तुळात सापडलेल्या माणसाच्या नावावर एकच प्रकरण असणे कठीणच. एकाच अटकेनंतर परिसरातील जुने, न उलगडलेले गुन्हेही त्याच्या नावावर दाखवले गेले, की कायद्याने उघडलेले दार त्याच्यापुरते बंद होते. कलमात कोणत्याही जमातीचे नाव नाही, पण कलमाचा भार कोणावर पडणार हे आधीच ठरलेले आहे.

मग पोलिसांनी करायचे तरी काय?

माहिती आणि नोंदी यांशिवाय तपास होत नाही, हा पोलिसांचा मुद्दा रास्त आहे. ७ मे २०२४ रोजी 'अमानतुल्ला खान विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीट ठेवण्यास मनाई केली नाही. मागास आणि वंचित समाजांतील निरपराध लोकांची, विशेषतः विमुक्त जातींतील लोकांची, नावे केवळ पूर्वग्रहातून आणि यांत्रिकपणे त्यात येऊ नयेत, तसेच वरिष्ठ अधिकाऱ्याने या नोंदी वेळोवेळी तपासून अनावश्यक नावे काढावीत, असे न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबर २०२४ च्या निकालानेही विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श तुरुंग नियमावलीत त्यानुसार बदल केले. सराईत गुन्हेगार कायदे मात्र न्यायालयाने रद्द केले नाहीत. त्यांच्या घटनात्मकतेचा प्रश्न पुढील आव्हानासाठी खुला ठेवला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हे कायदे रद्द करण्याची शिफारस २००० मध्येच केली होती, आणि माझ्या मते ती मान्य करायला पुरेसा उशीर झाला आहे.

दरम्यान, अटक झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांना एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मोजलेच नाही, तर दिसणार कसे?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरील अन्याय न्यायालयात आकड्यांनिशी मांडता आला, कारण तिथे रस्त्यावर अडवलेल्या व्यक्तीचा वंश नोंदवला जातो. न्यूयॉर्क पोलिसांनी जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात सुमारे ४४ लाख वेळा लोकांना अडवले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा ती व्यक्ती कृष्णवर्णीय होती. शस्त्र मात्र अडवलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १.० टक्के आणि गोऱ्यांपैकी १.४ टक्के प्रकरणांत सापडले. २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाविरोधी ठरवली, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा होता.

भारतात २०२२ च्या तुरुंग आकडेवारीनुसार ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांपैकी तिघांवरील आरोप अजून सिद्ध झालेला नव्हता. ही आकडेवारी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि उर्वरित अशा वर्गांत मांडली जाते. विमुक्त आणि भटके या चारही रकान्यांत विखुरले जातात, कारण एकच जमात एका राज्यात अनुसूचित जातीत तर दुसऱ्या राज्यात इतर मागासवर्गात मोडते. त्यामुळे सराईत म्हणून नोंदलेल्यांपैकी किती जण या जमातींचे आहेत आणि त्यांपैकी कितींना कधीतरी शिक्षा झाली होती, हे कोणत्याही सरकारी तक्त्यावरून सांगता येत नाही.

तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका असे 'सुकन्या शांता' निकालाने सांगितले आहे, मग ही मोजणी त्याच्याशी विसंगत नाही का, अशी शंका येईल. काम आणि कोठडी वाटणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्यासमोर कैद्याची जात असण्याची काही गरज नाही. नावे वगळून केलेली सांख्यिकीय मोजणी ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिच्यातून एकेका कैद्याची ओळख पटत नाही, पण व्यवस्थेचा कल दिसतो. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केल्यानंतर भटक्या-विमुक्तांसाठी स्वतंत्र रकाना असावा ही या समाजांची मागणी पुन्हा पुढे आली आहे. तोच रकाना तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीतही आला, तर संशयित, आरोपी, कच्चा कैदी आणि दोषी या प्रत्येक टप्प्यावर त्यांचे प्रमाण किती आहे, याची सलग तुलना पहिल्यांदाच करता येईल.